मामीच्या टाकीतलं मीठ

आमच्या मामीनं आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही, आणि तिची मला सगळ्यात आवडणारी सवय हीच. आपल्याकडे माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं असतं. चांगलं म्हणजे काय, तर कुणाच्या अध्यात नव्हती, मध्यात नव्हती, सगळं पोटात घातलं, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मामीबद्दल यातलं एक जरी वाक्य कुणी म्हटलं तर ती जिथं बसवलीय तिथून उठून येईल. ती अध्यातही होती, मध्यातही होती, आणि पोटात तिनं ज्वारीच्या भाकरीखेरीज दुसरं काही घातलं नाही.

उदगीरला तिला सगळे बर्फमामी म्हणत. रसवंतीवाले, कुल्फीवाले, लग्नातले आचारी, ज्यांचं आमच्याशी काही नातं नाही तेसुद्धा. थोरल्या मामांनी, म्हणजे माझ्या आईच्या थोरल्या भावानं, स्टेशनच्या रस्त्याला बर्फाचा कारखाना काढला होता. ते अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. दुखवटा संपायच्या आत धाकट्या मामांनी कारखान्याच्या किल्ल्या आपल्या कमरेला अडकवल्या. मामीला नवऱ्याचा तो कारखाना परत पाहिजे होता. गोष्ट एवढीच आहे, आणि ती मी धाकट्या मामांची बाजू न मांडता सांगणार आहे. त्यांची बाजू त्यांनी जन्मभर स्वतःच सांगितली, मोंढ्याच्या बाजारात, लग्नांत, एसटीत, कुणी विचारलेलं नसताना.

बर्फाचा कारखाना आतून ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं, तिथं सगळीकडे बर्फ असतो. तसं नसतं. जमिनीत एक भली मोठी टाकी असते, वरून लाकडी फळ्यांनी झाकलेली. टाकीत खारं पाणी, जिभेला लागलं तर तोंड वाकडं होईल इतकं खारं. अमोनियाच्या नळ्या ते पाणी गार करतात आणि एका टोकाचा पंखा ते सारखं फिरवत ठेवतो. त्या खाऱ्या पाण्यात पत्र्याचे उंच डबे उभे सोडलेले असतात आणि डब्यांत गोडं पाणी. खारं पाणी तेवढ्या गारठ्यात गोठत नाही, गोडं गोठतं. डबा वर ओढला की लादी तयार. पण टाकीतलं पाणी पुरेसं खारं राहिलं नाही, तर तेच नळ्यांवर गोठून बसतं. नळ्यांना बर्फाची गोधडी चढते, पाणी फिरेनासं होतं, आणि डब्यातली लादी बाहेरून कडक अन् आतून पातळ निघते. बर्फाचा कारखाना असा बर्फानंच मरतो.

थोरल्या मामांना हे पक्कं ठाऊक होतं. ते डबे कधी काठोकाठ भरू देत नसत. वर चार बोटं जागा सोडायची, म्हणजे गोडं पाणी सांडून टाकीत जाणार नाही. अधूनमधून मिठाची पोती टाकीत रिकामी करायची. खारटपणा मोजायला काचेचा मीटर होता, पण मामांचा विश्वास बटाट्यावर. टाकीतलं पाणी बादलीत काढायचं आणि त्यात बटाटा सोडायचा. तरंगला तर ठीक, बुडाला तर पोतं फोडा. इतर ठिकाणी अंडं सोडतात म्हणे. आमच्या घरात अंड्याला प्रवेश नाही, म्हणून बटाटा. तो बटाटा घरातून निवडून द्यायचं काम मामीचं होतं, आणि त्यातच ती सगळा कारखाना शिकली.

धाकट्या मामांनी हाती घेतल्याबरोबर दोन सुधारणा केल्या. एक, मीठ बंद. "गिऱ्हाईकाला बर्फ गोड पाहिजे, आन् हे मीठ कशाला ओतायलेत?" असा त्यांचा प्रश्न. दुसरी, डबे काठोकाठ भरायचे, म्हणजे लादी मोठी दिसते. मामीनं एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती कारखान्यात जाऊन उभी राहिली. सगळे कामगार तिथंच होते. बादलीत बुडालेला बटाटा तिनं हात घालून वर काढला.

"भावजी, मीठ उतरलंय. पोती आणा, न्हाई तर नळ्या जाम व्हतील."

धाकट्या मामांनी तो ओला बटाटा तिच्या हातातून घेतला आणि तिच्याच पदरात टाकला. "वहिनी, बाईमाणसानं भाजीतलं मीठ बघावं," ते म्हणाले. "टाकीतलं मी बघतो. जावा, ह्याची भाजी करा."

कामगार हसले. मामी घरी आली आणि तिनं खरंच त्या बटाट्याची भाजी केली. घर अजून एकत्र होतं, चूल मामीच्या हातात होती. धाकटे मामा जेवायला बसले तेव्हा तिनं भाजी वाढली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मीठ बरोबर हाय का, भावजी?"

"बरोबर हाय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून रोज, दोन्ही वेळेला, ताट वाढून झालं की ती हा प्रश्न विचारायची. कधी चुकली नाही. आणि मीठ खरंच बरोबर असायचं, एक कण इकडे नाही, एक कण तिकडे नाही. धाकट्या मामांना वाटायचं, वहिनी वठणीवर आली. मी एकदा सुट्टीत शेजारी बसून जेवत होते, तेव्हा तिचा तो प्रश्न ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. ज्यांना ऐकू यायला हवा होता त्यांना मात्र भाकरी चावण्याच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही.

मामीच्या सुडाला एक शिस्त होती, ती सांगितली पाहिजे. शेजारची एक बाई हळदीकुंकवात कुंकवाचं तबक घेऊन मामीच्या समोरून तशीच पुढे गेली, मामा जाऊन वर्षही झालं नव्हतं म्हणून. मामीनं ते बघून ठेवलं. पुढे ती बाई घरी आली की मामी हसून "या, या" म्हणायची आणि बसायला काही द्यायची नाही. बाई उभी. सोबत तिची सून आलेली असली तर सुनेला खुर्ची, चहा, वर चिवडा. सासू उभ्यानं गप्पा मारून उभ्यानं परत जायची. "सूड ज्याचा त्याला," मामी म्हणायची. "सुनंचं काय चुकलंय? नाव घालून घ्यावा सूड. वाटंल तिकडं शिंपडला तर त्यो सूड न्हाई, नुस्ती घाण व्हती."

असं किती वर्षं चाललं कोण जाणे. एका दिवाळीत त्या बाईनं दारातच मामीचा हात धरला आणि आधी तिला कुंकू लावलं. मामीनं आत जाऊन सतरंजी आणली, अंथरली, दोन्ही हात झटकले आणि म्हणाली, "साकु." तिचं माहेर कर्नाटकात, भालकीकडचं. एरवी ती आमच्यासारखंच बोलायची, पण महत्त्वाचा शब्द कानडीतून यायचा. साकु म्हणजे पुरे. मामीनं हात झटकून साकु म्हटलं की तो विषय संपला, मग ती त्या माणसाच्या दुखण्याखुपण्यालाही धावून जायची. पण तो शब्द तिच्या तोंडून काढणं सोपं काम नव्हतं.

धाकट्या मामांच्या बाबतीत तिनं काय केलं, तर त्यांचं ऐकलं. "माझं चुकलं भावजी," ती म्हणाली. "घरात बसून काय करू? डबे भरायला येत जाते. तुमी सांगाल तसं भरते." त्यांना एक फुकटची मजूर मिळाली. मामी रोज सकाळी पदर खोचून टाकीवर उभी राहायची, हातात पाण्याचा पाइप घ्यायची आणि डबे भरायची. काठोकाठ. काठावरून जरा जास्तच. वरचं गोडं पाणी फळ्यांच्या फटीतून टाकीत उतरायचं, दिवसभर, सगळ्यांच्या देखत. धाकटे मामा येता-जाता कामगारांना सांगायचे, "वहिनीकडून शिका, असा भरायचा डबा." बायकांनी गुपचूप काही केलं की लोक त्याला कारस्थान म्हणतात. मामीनं भर दिवसा मालकाचा हुकूम पाळला. याला काय म्हणायचं ते मला आजपर्यंत सुचलेलं नाही.

ती असे डबे भरत होती त्या उन्हाळ्यात मी उदगीरला होते. लातूरला भूगोलात एम. ए. करत होते आणि परीक्षेचा अभ्यास घेऊन आले होते. माझ्या भूगोलावरही धाकट्या मामांची टिप्पणी झालेली होती: "भूगोल शिकून पोरगी काय पाऊस पाडणाराय का?" ती मी विसरले नव्हते. मीही मामीचीच भाची. दुपारी कारखान्याच्या पडवीत गारवा असायचा म्हणून मी तिथं बसून मोठ्यानं वाचायचे. मामी डबे भरून आली की शेजारी टेकायची.

एक दिवस तिनं विचारलं, "काय वाचायलीस ग एवढं? कुटलं पाणी कुटं जातंय?"

मी सांगितलं. अटलांटिक महासागरात वरच्या थरातलं कोमट, खारं पाणी उत्तरेकडे जातं. ग्रीनलँडच्या आसपास पोचेपर्यंत ते गार होतं. गार आणि खारं पाणी जड असतं, म्हणून खाली बसतं, आणि तळातून हळूहळू परत दक्षिणेला येतं. त्याच्या जागी मागचं पाणी उत्तरेकडे ओढलं जातं. सगळ्या जगाच्या समुद्रांत असं एक मोठं चक्र फिरत असतं आणि कुठं ऊब, कुठं थंडी, कुठं पाऊस, हे त्यावर बरंच अवलंबून असतं.

मामी सरळ होऊन बसली. "पंखा कुटं बसवलाय?"

"पंखा नाही, मामी. खाली बसणारं पाणीच पंख्याचं काम करतं. खारटपणा आणि गारवा, या दोघांवर ते चालतं."

"आन् मीठ उतरलं तर?"

मी पुस्तक मिटलं. हा प्रश्न आमच्या वर्गात कुणीही विचारला नव्हता. "तीच तर भीती आहे. हवा तापतेय, ग्रीनलँडवरचा बर्फ वितळतोय. बर्फाचं पाणी गोडं. ते समुद्राच्या वरच्या थरात मिसळतं. मग ते पाणी हलकं राहतं, खाली बसायला कुरकुरतं. जितकं कमी बसेल तितकी ओढ कमी. चक्र मंदावतं."

मामीनं टाकीकडे हात केला. मग म्हणाली, "म्हंजे कुनीतरी डबे काठोकाठ भरायलंय की."

"हो."

"कोन?"

"धूर सोडणारे. मोठे देश, मोठे कारखाने. थोडे आपणही."

"नावं हायत का त्यांची?"

"आहेत."

"पाठ कर," मामी म्हणाली. "ज्याचं नाव म्हाईत न्हाई त्याच्यावर सूड घेता येत न्हाई. नुस्ता तळतळाट व्हतो, आन् त्यो आपल्यालाच लागतो."

इथवर ती मजेत होती. तिची मजा घालवली ती माझ्या पुढच्या वाक्यानं. मी म्हटलं, मंदावलेलं चक्र पुन्हा पहिल्यासारखं होईलच असं नाही. काही शास्त्रज्ञांना वाटतं, गोडं पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की चक्र कोलमडतं, आणि मग बर्फ वितळायचा थांबवला तरी ते लवकर परत येत नाही. शेकडो वर्षं लागतील. ती मर्यादा नेमकी कुठं आहे हे कुणालाच ठाम सांगता येत नाही.

"कुनालाच?"

"वाद आहेत, मामी. पण मर्यादा ओलांडल्यावर कळून उपयोग नाही एवढं सगळे मान्य करतात."

मामी उठली. तिनं टाकीतलं पाणी बादलीत काढलं, घरून आणलेला बटाटा पदरातून काढून त्यात सोडला. बटाटा दगडासारखा तळाशी गेला. एरवी तो बुडाला की ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. त्या दिवशी तिनं बादलीत बराच वेळ पाहिलं. "टाकी माझ्या नवऱ्याची हाय ग," ती म्हणाली. "भावजीला बुडवायच्या नादात हिला घालवली तर काय करू? माझी रेघ कुटं हाय, ते तरी मला कळाया नको का?"

तिला भीती वाटलेली मी तेवढी एकदाच पाहिली. नळ्यांवर जाडजूड बर्फ चढला होता, पंखा अडखळत फिरत होता आणि त्याच्या दांड्याचा आवाज बदलला होता. दुसऱ्या दिवसापासून तिनं डबे भरताना हात आवरता घेतला. धाकटे मामा जवळ असले की काठोकाठ, पाठ वळली की दोन बोटं कमी. टाकी मरायला नको होती, मरतेय असं दिसायला हवं होतं. आणि आता तिला घाई झाली होती. त्या उन्हाळ्यात तिला समुद्र मी शिकवला याचा मला आजही अभिमान आहे. नाही तर तिनं रागाच्या भरात टाकी संपवली असती आणि सूड अर्धा राहिला असता.

लग्नसराई ऐन भरात आली आणि लाद्या पोकळ निघायला लागल्या. आचारी लादीवर घाव घालायचे तर आतून पाणी. रसवंतीवाले दुसरीकडून बर्फ मागवायला लागले. धाकट्या मामांनी लातूरहून मिस्त्री आणला, त्याला मीठ बंद केल्याचं सांगितलंच नाही, आणि त्यानं कॉम्प्रेसरचे भाग बदलले. पुन्हा पोकळ. मामी रोज ताट वाढून विचारत होती, "मीठ बरोबर हाय का, भावजी?" आणि ते वैतागून म्हणत होते, "मिठाचं काय घेऊन बसलाव वहिनी, हितं कारखाना बसायलाय!"

मृगाच्या तोंडावर मामीनं वाटणी मागितली. माझी आई आणि घरातली वडीलधारी माणसं बसली. मामी डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून म्हणाली, "मला मोंढ्यातलं घरचं आडतीचं दुकान द्या. कारखाना भावजींना ऱ्हाऊ द्या. लई कष्टानं चालवलाय त्यांनी."

धाकट्या मामांनी जन्मात वहिनीला मागितलेली वस्तू दिली नव्हती, ती त्या दिवशी कशी देतील? "दुकान न्हाई मिळायचं," ते गरजले. "बाईमाणूस मोंढ्यात बसणार व्हय? कारखाना घ्या. तुमच्या नवऱ्याची आठवण हाय, सांभाळा."

"पर त्यो तर बसलाय, भावजी," मामी म्हणाली. आवाज रडवेला.

"आता जे हाय ते हाय."

"बरं," मामी म्हणाली. मी आईच्या मागे बसले होते. मला मामीचा फक्त हात दिसत होता, आणि तो पदराखाली मांडीवर ताल धरत होता.

किल्ल्या हातात पडल्या त्याच दिवशी तिनं मशीन बंद करवून नळ्यांवरचा बर्फ उतरवला. मग मिठाची पोती आली. एकेक पोतं फोडताना ती जवळ उभी होती, मधूनच मूठभर मीठ स्वतः टाकत होती. बटाटा सोडला. बुडाला. अजून पोती. बुडाला. अजून. मग बटाटा हलला, सावकाश वर आला आणि बादलीत डुलायला लागला. मामीनं टाकीच्या काठावर डोकं टेकवलं. ती रेघेच्या अलीकडे थांबली होती.

पहिली लादी निघाली ती इतकी स्वच्छ की पलीकडचा माणूस दिसावा. ती मामीनं हातगाडीवर घालून मोंढ्यात पाठवली आणि धाकट्या मामांच्या दुकानाच्या उंबऱ्यापुढे उतरवून ठेवायला सांगितली. हमालानं निरोप दिला: "तुमच्या वहिनींनी धाडलीय. भाजीपुरतं मीठ घालून केलीय म्हणत्यात." उचलायचे लोखंडी आकडे हमाल परत घेऊन गेला होता, त्यामुळे लादी कुणाला हलवता येईना. ती दुपारभर उंबऱ्यापुढे वितळत राहिली, आणि आल्यागेल्याला कोण, का, कशी, हे धाकट्या मामांना सांगावं लागलं. सगळ्या मोंढ्यानं ती बघितली. मला ते आठवलं की अजूनही जेवण चांगलं जातं.

मला वाटलं, आता मामी साकु म्हणेल. ती म्हणाली नाही. घरं वेगळी झाली. धाकट्या मामांची मुलं मात्र शाळा सुटली की कारखान्यात यायची, त्यांना मामी बर्फाचा गोळा करून द्यायची, लाल सरबत घालून. मुलांचं काय चुकलंय?

पुढे मी लातूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायला लागले. माझ्या वर्गात समुद्र पाहिलेली मुलं फार थोडी असतात. अहमदपूर, निलंगा, चाकूर इथून एसटीनं येणाऱ्या मुलांना ग्रीनलँडचं काय सांगायचं? म्हणून दरवर्षी मी त्यांना उदगीरला मामीच्या टाकीवर घेऊन जायचे. ती फळी उचलून दाखवायची. "ह्यो पंखा. समुद्रात ह्यो नसतोय, तिथं पाणीच पंखा. ह्ये मीठ. आन् ह्यो डबा कुनी काठोकाठ भरायलंय, त्यांची नावं तुमच्या बाईंना ईचारा. बाईंना पाठ हायत." मला खरंच पाठ आहेत. मी ती वर्गात फळ्यावर लिहिते. परीक्षेत येत नाहीत, तरी लिहिते.

शेवटच्या आजारपणात ती उदगीरच्या घरीच होती. मी गेले की समुद्राची चौकशी व्हायची, नात्यातल्या कुणाची करावी तशी. "कसं हाय त्ये चक्र? फिरतंय का?" मी सांगायचे, फिरतंय. पुढे मंदावणार यावर बहुतेकांचं एकमत आहे, किती आणि कधी यावर नाही. मंदावलं तर पावसाचे पट्टे सरकतील, आपला मोसमी पाऊसही बिघडू शकेल.

"हितला पाऊस?" ती म्हणाली. "उदगीरचा? उदगीरनं काय केलंय?"

"समुद्राला नावं कळत नाहीत, मामी."

ती संतापली. एवढीशी राहिली होती, पण संताप पहिल्याइतकाच मोठा. "ह्येला काय सूड म्हनायचं? भरनारा एक, आन् बुडनारा दुसराच? मी पोरांना गोळा देत व्हते की न्हाई?" मग थकून मागे टेकली. तशीच म्हणाली, "माझ्या टाकीला मी मीठ घातलं ग. समुद्राला कोन घालनार? तेवढी पोती हायत का कुनाकडं?"

"नाहीत."

"मग भरनाऱ्याचा हातच धरावा लागतो," ती म्हणाली. "मी माझा धरला व्हता."

निघताना मी विचारलं, "मामी, धाकट्या मामांचं साकु झालं का ग?"

"न्हाई."

"कारखाना मिळाला, लादी उंबऱ्यावर ठेवलीस, सगळा मोंढा हसला. आता काय राहिलं?"

"त्येच्या हातनं मीठ पडलं न्हाई अजून," मामी म्हणाली आणि कुशीवर वळली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. बायकाही तिथपर्यंत जातात, म्हणून मी होते. खड्ड्यात तिला बसवलं, कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग हातात दिलेलं. डोळे मिटलेले, पण हनुवटी तशीच वर, कुणीतरी चूक केलीय आणि ती बघून ठेवतेय अशी. जंगमस्वामींचे मंत्र म्हणून झाले. बेल, विभूती पडली, आणि मग मीठ. मिठाचं पोतं माझ्या पायाशी होतं. कारखान्यातूनच आणलं होतं. एकेक नातेवाईक पुढे होऊन ओंजळभर टाकत होता.

धाकटे मामा मागे उभे होते. म्हातारे झालेत, काठी लागते. ते पुढे येईनात. मी पोत्यात हात घातला, ओंजळ भरली, त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांच्या दोन्ही हातांत मीठ ओतलं. नाही म्हणायला जागा नव्हती, सगळे बघत होते. ते कडेला आले. ओंजळ उघडली आणि मीठ पडलं, तिच्या मांडीवर, तिच्या पदरात, जिथं त्यांनी एकदा बटाटा टाकला होता तिथंच.

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मीठ बरोबर आहे का, मामा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी तो प्रश्न त्यांच्या कानात शिरलेला मला दिसला. ओठ हलले. "बरोबर हाय," ते कसंबसं म्हणाले.

साकु म्हणायची ती वेळ होती. मामी नव्हती, तिच्या वतीनं मला म्हणता आलं असतं, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांना बरं वाटलं असतं. मी पोतं त्यांच्या पायाशी सरकवलं.

"अजून घाला," मी म्हटलं.

त्यांनी काठी बाजूला ठेवली, वाकून ओंजळ भरली आणि घातलं.